सकाळचा एडिसन आणि दुपारची प्रयोगवही

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो आणि त्याच्या आगेमागे आमच्यासारख्या संशोधकांना शाळाशाळांतून व्याख्यानाची आमंत्रणे येऊ लागतात. विषय बहुधा ठरलेला असतो. मुलांचा आत्मविश्वास वाढावा, त्यांनी ध्येय ठरवून त्याचा पाठपुरावा करावा, असे काहीतरी प्रेरणादायी सांगा, एवढीच अपेक्षा असते. काही वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेत मी असाच गेलो होतो. सभागृहाच्या भिंतीवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी होत्या आणि त्यांखाली मुलांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलेली सुवचने होती. मी एडिसनची गोष्ट सांगितली. विजेचा दिवा तयार करताना त्याला हजार वेळा अपयश आले, पण तो हटला नाही आणि अखेर जिद्द जिंकली. मुलांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. मलाही बरे वाटले.

दुपारी मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळा दाखवायला नेले. नववीचा वर्ग ओहमच्या नियमाचा प्रयोग करत होता. विभवांतर वाढवत जायचे, दर वेळी विद्युतधारा मोजायची आणि दोहोंचा आलेख काढायचा, हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा प्रयोग. एका मुलीच्या वहीतला निरीक्षण तक्ता खोडरबराने घासून घासून पातळ झाला होता. नव्या आकड्यांखाली जुने आकडे पुसट दिसत होते. नवे आकडे शेजारच्या गटाच्या वहीत होते तेच होते, आणि आलेखाची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. पट्टीनेच ओढली होती.

“आधीचे आकडे का खोडलेस?” मी विचारले.

“चुकले होते, सर. रेघ सरळ येतच नव्हती. मला प्रयोग जमतच नाहीत.”

तिच्या मांडणीकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला. तिच्या गटाच्या वाट्याला आलेली निक्रोमची तार तुटलेली होती. कुणीतरी तिच्या जागी टॉर्चचा छोटा बल्ब जोडून दिला होता. वहीत पुसट दिसणारे जुने आकडे मी उतरवून घेतले. ०.५ व्होल्टला ०.१२ अँपिअर, १ व्होल्टला ०.१८, १.५ ला ०.२२, २ ला ०.२६ आणि २.५ व्होल्टला ०.३० अँपिअर. भागाकार करून पाहा. रोध सुमारे ४ ओहमपासून सुरू होऊन ८ ओहमच्या वर गेलेला दिसेल. बल्बची तार तापते आणि तापली की तिचा रोध वाढतो. म्हणजे मुलीची निरीक्षणे अचूक होती. चुकीची होती ती आता वहीत दिमाखाने बसलेली.

“तुझे पहिले आकडे बरोबर होते,” मी म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. क्षणभर थांबून तिने विचारले, “मग सर, वहीत काय लिहू?”

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण तो प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. त्याच मुलीने सकाळी माझे भाषण ऐकले होते. हजार अपयशांची गोष्ट ऐकून तिने टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तीन तासांनी, पाच ओळींच्या एका तक्त्याला अपयश समजून ती खोडरबर घेऊन बसली होती. प्रेरणेच्या नावाखाली आपण मुलांना जे साहित्य देतो, म्हणजे भाषणे, सुवचने, शास्त्रज्ञांच्या गोष्टींच्या पुस्तिका आणि आता मोबाइलवरून फिरणारे मजकूर, त्याची एकदा चिकित्सा करावी, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

गोष्टी कोणत्या आणि त्यांत खरे किती?

सर्वांत लोकप्रिय गोष्ट एडिसनच्या आईची. शाळेने चिठ्ठी पाठवली की तुमचा मुलगा मतिमंद आहे, त्याला शाळेत पाठवू नका. आईने डोळ्यांत पाणी आणून ती मोठ्याने वाचली ती अशी: तुमचा मुलगा असामान्य बुद्धीचा आहे, आमची शाळा त्याला पुरी पडणार नाही. पुढे आईच्या मृत्यूनंतर एडिसनला ती चिठ्ठी सापडली आणि तो ढसाढसा रडला. गोष्ट हृदयस्पर्शी आहे. मात्र अशा चिठ्ठीचा कोणताही पुरावा नाही. एडिसनने स्वतः सांगितलेली आठवण वेगळी आहे. आपल्या डोक्यात गोंधळ आहे असे शिक्षक म्हणत असल्याचे त्याच्या कानावर पडले. त्याने ते घरी सांगितले. आई संतापून शाळेत गेली, शिक्षकांशी भांडली आणि नंतर तिने त्याला घरीच शिकवले. नॅन्सी एडिसन ही पूर्वी शिक्षिका होती. नवव्या वर्षाच्या सुमारास तिने मुलाच्या हाती पार्कर या लेखकाचे भौतिकशास्त्राचे शालेय पुस्तक दिले, आणि त्यातले प्रयोग त्याने करून पाहिले. घराच्या तळघरात बाटल्या मांडून त्याने आपली पहिली प्रयोगशाळा थाटली.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. खोट्या गोष्टीत आई एक वाक्य बोलते आणि मुलगा मोठा होतो. खऱ्या गोष्टीत आई रोज शिकवते, पुस्तक देते, पसारा सहन करते. खोट्या गोष्टीत कौतुकाने काम होते, खऱ्या गोष्टीत कामाने. शिक्षकांच्या दृष्टीने यांतली कोणती गोष्ट अधिक उपयोगाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट हजार अपयशांची, म्हणजे मी सांगितलेली. कधी हा आकडा हजार असतो, कधी दहा हजार. त्याचे मूळ १९१० साली प्रसिद्ध झालेल्या एडिसनच्या चरित्रात सापडते. त्यात वॉल्टर मॅलरी या त्याच्या सहकाऱ्याची आठवण आहे. नऊ हजारांहून अधिक प्रयोग होऊनही काही हाती लागले नाही, म्हणून मॅलरीने हळहळ व्यक्त केली. त्यावर एडिसन म्हणाला की, हाती पुष्कळ लागले आहे, काय चालत नाही अशा कित्येक गोष्टी मला आता ठाऊक आहेत. पण ही आठवण दिव्याची नाही. १९०० नंतर एडिसन निकेल व लोखंड वापरून पुन्हा पुन्हा भारित करता येणारी बॅटरी तयार करत होता, तिच्या संदर्भातली ती आहे.

तिसरी गोष्ट आइन्स्टाइन गणितात नापास झाल्याची. तो गणितात कधीच नापास झाला नाही. १८९५ साली, म्हणजे नेहमीच्या वयाच्या सुमारे दोन वर्षे आधी, त्याने झुरिकच्या तंत्रशाळेची प्रवेशपरीक्षा दिली. गणित व भौतिकशास्त्रात त्याची कामगिरी चांगली झाली, पण इतर विषयांत तो कमी पडला. मग तो आराऊ येथील शाळेत वर्षभर शिकला. तेथे प्रयोगांना वाव होता आणि पाठांतराचा जाच नव्हता. १८९६ च्या त्याच्या प्रमाणपत्रात बीजगणित, भूमिती आणि भौतिकशास्त्र यांत ६ पैकी ६ गुण आहेत आणि फ्रेंचमध्ये ३. नापास होऊनही मोठा झाला यापेक्षा, एका परीक्षेत अडला आणि योग्य शाळा मिळाल्याने सावरला, ही गोष्ट मला अधिक बोधप्रद वाटते. तिच्यात शाळेला काम आहे.

गोष्टीतून काय गळते?

कुणी म्हणेल, तपशील थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडले कुठे? मुलांना स्फूर्ती मिळाल्याशी कारण. पण प्रश्न केवळ तपशिलाचा असता तर मी लेखणी उचलली नसती. या गोष्टींमधून जे गळते ते नेमके विज्ञान असते. एडिसनच्या दिव्याचेच उदाहरण सविस्तर पाहू.

गोष्टीतला एडिसन हाताला लागेल ती वस्तू दिव्यात घालून पाहतो. जळली की दुसरी, तीही जळली की तिसरी. खरा एडिसन मेन्लो पार्क येथे १८७६ साली उभारलेल्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्याच्याबरोबर चार्ल्स बॅचलर, जॉन क्रूसी यांच्यासारखे कसबी सहकारी होते, काचकाम करणारा कारागीर होता, आणि १८७८ च्या अखेरीस फ्रान्सिस अप्टन हा गणित व भौतिकशास्त्र शिकलेला तरुण त्यांना येऊन मिळाला. अप्टनने बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली अभ्यास केला होता. या मंडळींनी तार शोधण्याआधी एक हिशेब केला.

तो हिशेब नववी-दहावीच्या मुलांना करता येतो. आपल्याला १०० वॅटचा दिवा हवा आहे. त्याच्या तारेचा रोध १ ओहम असेल तर त्याला १० व्होल्ट आणि १० अँपिअर लागतील. रोध १०० ओहम असेल तर १०० व्होल्ट आणि फक्त १ अँपिअर. दोन्ही दिवे तेवढीच शक्ती वापरतात. पण घरापर्यंत वीज आणणाऱ्या तांब्याच्या तारेत होणारा उष्णतेचा अपव्यय धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून तीच तार वापरली तर पहिल्या दिव्यासाठी दुसऱ्याच्या १०० पट अपव्यय होईल. तो टाळायचा तर तारा फार जाड कराव्या लागतील, आणि तांब्याच्या खर्चापायी सारा उद्योग बुडेल. तेव्हा दिव्याची तार जास्त रोधाची, म्हणजे बारीक आणि लांब हवी, हे आधी ठरले. अशी बारीक तार हवेत क्षणात जळून जाईल, म्हणून पाऱ्याच्या पंपाने काचेचा गोळा अधिकाधिक निर्वात करण्याचे काम हाती घेतले गेले. आणि मग त्या मर्यादांत बसेल असा पदार्थ शोधायला सुरुवात झाली.

ऑक्टोबर १८७९ मध्ये कोळसा केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा तेरा-चौदा तास चालला. पुढच्या वर्षी बांबूच्या तंतूंपासून केलेले दिवे हजार तासांच्या पुढे गेले. १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र सुरू झाले. याच काळात इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान हाही स्वतंत्रपणे कार्बनच्या तंतूचा दिवा तयार करत होता, हेही मुलांना सांगायला हवे.

फसलेले प्रयोग या कामात पुष्कळ होते, यात शंका नाही. पण प्रत्येक फसलेला प्रयोग वहीत नोंदला जाई आणि पुढचा प्रयोग मागच्या नोंदीवरून ठरे. एडिसनच्या कामाची जी कागदपत्रे मागे राहिली आहेत ती सुमारे ५० लाख पानांची आहेत. ‘हजार वेळा प्रयत्न केला’ या वाक्यात या पानांचा मागमूस नसतो. मूल त्यातून एवढेच शिकते की, डोके आपटत राहिले की भिंत फुटते. ती फुटली नाही तर दोष कुणाचा? अर्थातच डोक्याचा. जिद्दीची अशी गोष्ट वरवर हुरूप देते, पण अपयशाची सारी जबाबदारी गुपचूप मुलाच्या स्वभावावर टाकून जाते. तुटलेली तार, अपुरे साहित्य, न समजलेले पाठ्यपुस्तक, यांतले काहीच मग दिसेनासे होते.

आपल्याकडची एक गोष्टही याच दृष्टीने तपासता येईल. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांना १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे संचालक होते सर सी. व्ही. रामन. कमलाबाईंनी हार मानली नाही, अटींवर का होईना प्रवेश मिळवला, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली. ही गोष्ट खरी आहे, मुलींना सांगावी अशीच आहे. पण आपण ती सांगतो ती फक्त जिद्दीची म्हणून. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्याच संस्थेत शिकलेले होते. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. बंगलोरला त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. म्हणजे नकार मिळाला तेव्हा आपल्याला रसायनशास्त्र येते याची खात्री त्यांना होती, आणि ती खात्री केलेल्या कामातून आलेली होती. शिवाय नकार हा अन्याय होता. तो सोसणारीच्या धैर्याचे गुणगान करताना, असा नकार कुणालाच मिळू नये हे सांगायचे आपण विसरतो.

आत्मविश्वास आधी की काम आधी?

या सर्व गोष्टींमागे एक गृहीतक असते: आधी आत्मविश्वास, मग यश. मुलाला स्वतःबद्दल चांगले वाटू लागले की त्याचा अभ्यास आपोआप सुधारेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ साली नागरिकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी एक सरकारी कृतिगट नेमला. त्याचा अहवाल १९९० साली आला आणि शाळाशाळांत कौतुकाची लाट उसळली. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. चांगले गुण आणि आत्मसन्मान एकत्र आढळतात हे खरे, पण आत्मसन्मान वाढवल्याने गुण वाढतात याला पुरेसा आधार नाही, उलट चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान वाढत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली या विषयाची अधिक नेमकी मांडणी केली. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल हा भरवसा कशातून येतो? त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः ते काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, कुणीतरी धीर देणे, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत सर्वांत बळकट पहिला. आपली सारी भाषणे तिसऱ्या प्रकारात मोडतात.

कौतुकही जपून करावे लागते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग शिक्षकांनी माहीत करून घ्यावेत असे आहेत. पाचवीच्या मुलांना सोपी कोडी दिली आणि ती सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. नंतर अवघड कोडी दिली, ती बहुतेकांना जमली नाहीत. मग आपल्याला किती गुण मिळाले हे अनोळखी मुलांसाठी लिहायला सांगितले. ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांनी आपले गुण वाढवून लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांत हे प्रमाण बरेच कमी होते. हे वाचताना मला ती घासलेली वही आठवली. जिथे चुकणे म्हणजे बुद्धी नसल्याचा पुरावा ठरतो, तिथे मूल चूक सुधारत नाही, लपवते.

मग शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगूच नयेत काय? जरूर सांगाव्यात. २०१६ साली शिआओडाँग लिन-सीगलर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील नववी-दहावीच्या ४०२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना आइन्स्टाइन, मारी क्यूरी आणि फॅरडे यांच्या फक्त यशाच्या हकिगती वाचायला दिल्या, तर काहींना त्यांच्या अडचणींच्या. अडचणींच्या हकिगती वाचणाऱ्यांचे विज्ञानातले गुण नंतर तुलनेने चांगले राहिले, आणि आधी मागे असलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला. तेव्हा अपयशाची गोष्ट उपयोगी पडते. मात्र ती कशात अडला आणि पुढे काय केले हे सांगणारी हवी.

आणखी एक निष्कर्ष माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. बुद्धी प्रयत्नाने वाढते हा संदेश देणाऱ्या एका छोट्या कार्यक्रमाची चाचणी अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर झाली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. मागे असलेल्या मुलांच्या गुणांत सुधारणा दिसली, पण ती लहान होती: चारच्या श्रेणीमापनात सुमारे ०.१. आणि जिथे बरोबरीच्या मुलांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती, त्या शाळांत ती अधिक दिसली. म्हणजे बी चांगले असले तरी जमीन तशी लागते. सभागृहात सांगितलेले वर्गात खरे ठरावे लागते.

खोडरबराची प्रयोगशाळा

आपल्याकडे ते खरे ठरते का? सकाळी प्रार्थनेनंतर हजार अपयशांचा महिमा आणि दुपारी एका वाकड्या आलेखाला लाल रेघ. मुले बोलत नाहीत, पण यांतले खरे कोणते हे त्यांना बरोबर कळते. प्रयोगवहीत उत्तर आधीपासून ठरलेले असते, निरीक्षणे त्याला जुळवून घ्यायची असतात. महाविद्यालयात असताना मीही असे आकडे जुळवले आहेत, उलट्या दिशेने गणित करून. संशोधनाला लागल्यावर ती सवय मोडायला मला फार वेळ लागला.

यात शिक्षकांना दोष देऊन मोकळे होता येणार नाही. एका तुकडीत साठ मुले, चार ॲमीटर, त्यांतला एक बंद, पस्तीस मिनिटांचा तास आणि परीक्षेला वही तपासणारा बाहेरचा माणूस उत्तराचा आकडा पाहणार. त्या दिवशी त्या मुलीच्या बाई मला हळूच म्हणाल्या, “सर, परीक्षेत असाच आलेख लागतो.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही एवढ्या अडचणींत काही करता येण्यासारखे आहे, असे मला वाटते.

एक साधे उदाहरण देतो. साधारण १ मीटर लांबीचा लंबक घ्या. त्याला २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. वर्गाचे दहा गट करा आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहा, कुणाचाही न पुसता. कुणाचे ३९ येतील, कुणाचे ४१. एखाद्या गटाचे हमखास ३८ येतील. तिथे थांबा. ‘चूक’ म्हणू नका, ‘हे कसे आले असेल?’ असे विचारा. थोड्या वेळाने एखादे मूल ओळखते की, गोळा सोडताना शून्याऐवजी ‘एक’ म्हटले, म्हणून प्रत्यक्षात १९ च आंदोलने मोजली गेली. त्या मुलाचा चेहरा पाहा. त्याला कुणी ‘तू करू शकतोस’ असे सांगितलेले नसते. आपली चूक आपण शोधली आणि तिचे कारण आपल्याला कळले, एवढेच घडलेले असते. आत्मविश्वास म्हणतात तो हाच. वस्तुतः तो स्वतःवरचा विश्वास नसतोच, आपल्याला तपासून पाहता येते यावरचा विश्वास असतो. म्हणून तो पुढच्या अपयशात टिकतो.

याच्या जोडीला दोन गोष्टी बिनखर्चात करता येतील. पहिली, प्रयोगवहीतील निरीक्षणे शाईने लिहावीत. चुकीचा वाटणारा आकडा एका रेघेने छेदावा, तो वाचता आला पाहिजे, आणि का छेदला हे शेजारी लिहावे. जगभरच्या प्रयोगशाळांत हीच रीत आहे. दुसरी, दहा गुणांपैकी दोन गुण ‘अपेक्षेप्रमाणे काय आले नाही आणि त्याचे कारण काय असावे’ या प्रश्नाला ठेवावेत. घटक चाचणीत तरी हे शिक्षकांच्या हातात असते.

गोष्ट निवडतानाही तीन प्रश्न विचारून पाहावेत. तो शास्त्रज्ञ नेमका कशात अडला होता, हे गोष्टीत सांगितले आहे का? पुढचा प्रयत्न मागच्यापेक्षा वेगळा कसा होता? आणि त्याला कुणाची, कशाची मदत झाली? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर ती गोष्ट कितीही सुंदर असली तरी तसबिरीखाली लिहिण्याच्या योग्यतेची, वर्गात शिकवण्याच्या नव्हे.

मी स्वतः ती हजार अपयशांची गोष्ट सांगणे आता बंद केले आहे. शाळेत बोलावणे आले की बल्ब, तीन सेल आणि दोन मापक बरोबर घेऊन जातो. मुलांकडूनच तो वाकडा आलेख काढून घेतो, मग घरातल्या दिव्याकडे वळतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॅटच्या जुन्या पद्धतीच्या दिव्याचा पेटलेल्या अवस्थेतला रोध काढायला सांगतो. तो सुमारे ८८० ओहम येतो. पण दिवा होल्डरातून काढून, गार असताना मापक लावला तर ६०-७० ओहमच दिसतात. सभागृहात कुजबुज सुरू होते. मापक बिघडला असेल, कुणी म्हणते. दुसरे म्हणते, गणित चुकले. यांपैकी काय ते कसे तपासायचे, यावर मुले भांडू लागली की माझे भाषण संपते. टाळ्या पूर्वीइतक्या पडत नाहीत.

त्या मुलीला मी उत्तर द्यायचे राहूनच गेले. ‘वहीत काय लिहू?’ असे तिने विचारले होते. जे दिसले ते लिही, एवढेच खरे तर सांगायचे होते. पण हे उत्तर पाहुण्याने देऊन भागत नाही. तसे लिहिले तर तिचे गुण जाणार नाहीत, ही हमी तिच्या शाळेनेच द्यायला हवी.